शुक्रवारची सारंगी

नेपाळात, लमजुंगच्या आमच्या डोंगरात गंधर्व जातीच्या बायका सारंगीला हात लावत नसत. दारोदार फिरून गाण्यातून बातमी सांगणं हे पुरुषांचं काम. दिलमाया लग्न होऊन आली तेव्हा तिचे सासरे जंगबहादूर ते करायचे. कुठे दरड कोसळली, लढाईत कोण कामी आला, ते गायचे आणि लोक त्यांच्या झोळीत मका घालायचे.

पुढे तरणी मुलं कतारला, मलेशियाला गेली. दिलमायाचा नवराही गेला. घरोघर फोन आले. सासऱ्यांचे हात थरथरू लागले आणि सारंगी खुंटीवर गेली. दिलमाया ती रानात नेऊन शिकली. सासूला कळलं तेव्हा ती म्हणाली, "आता मिशाही येऊ देत."

सासरे एवढंच म्हणाले, "गज सैल धर गं. सरपण तोडायचं नाहीये."

ती गावात फिरू लागली, पण लोक दारातूनच परत पाठवायचे. "बातमी कालच मोबाइलवर आली, दिदी. तू नवीन काय सांगणार?"

पल्याडच्या वाडीत सगळे जिला आमा, म्हणजे आई, म्हणायचे त्या सुकमतीचा मुलगा त्या वर्षी कतारमध्ये इमारतीवरून पडून गेला. क्रियाकर्म आटोपल्यावर आमाने दिलमायाला बोलावलं. "त्याच्यावर गा."

"आमा, काय झालं ते सगळ्यांना माहीतच आहे."

"कसा मेला ते माहीत आहे. कसा होता ते कुणाला माहीत?"

दिलमाया आमाजवळ बसून विचारत राहिली. मुलगा उंचीला घाबरायचा. घरच्या पेरूवरसुद्धा कधी चढला नव्हता. तिने ते तसंच गाण्यात घातलं. आमाच्या अंगणात बसून ती गायली. आमाच्या पुतण्याने ते गाणं फोनवर टिपून कतारला पाठवलं.

शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, दिलमायाचा फोन वाजला. "दिदी, आम्ही त्याच्या खोलीतले. पुन्हा एकदा गाल?"

तेव्हापासून दर शुक्रवारी फोन येऊ लागला. कुणाला स्वतःच्या गावच्या ओढ्याचं गाणं हवं असायचं, कुणाला मागे जन्मलेल्या, अजून न पाहिलेल्या लेकीचं. एकजण म्हणाला, "जरा ढोलबिल टाका ना, झोप येते."

"मग झोप की. सुट्टीच आहे."

नवऱ्याने मलेशियाहून कुरकुर केली, "इथली पोरं मला हसतात."

"ऐकून हसतात ना? ऐकू देत," ती म्हणाली.

गेल्या वर्षी सासरे वारले. त्यांच्यावरचं गाणं दिलमायानेच रचलं. सासू शेजारी बसून ऐकत होती. मध्येच दोनदा तिला थांबवून म्हणाली, "असं नव्हतं गं ते," आणि कसं होतं ते सांगितलं. दिलमायाने त्या ओळी बदलल्या.