मला ताप नव्हता

फाटकावरच्या शिपायानं माझ्या कपाळासमोर ताप मोजायची ती प्लॅस्टिकची बंदूक धरली. ती वाजली. आकडा लाल. त्यानं चटकन हात मागे घेतला आणि मला रांगेतून बाहेर काढलं. नाशिकमधली मोठी शाळा, मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचं केंद्र. जमिनीवर चुन्याची वर्तुळं, प्रत्येक वर्तुळात एक मुलगा नाहीतर मुलगी, तोंडावर मास्क, हातात पाण्याची पारदर्शक बाटली. मी वर्तुळाबाहेर उभी.

फाटकाच्या आत केंद्राच्या बाई उभ्या होत्या. तेवढ्यात मागून त्यांना हाक मारणारा आवाज आला. ओळखीचा.

“म्याडम, हिला आत सोडू नका. ही आमच्या मळ्यावर कामाला हाय. ही लोकं दहा-दहा जण एका खोलीत झोपतात. आमच्या पोरांना काय झालं म्हणजे?”

तो आमचा मालक. निफाडकडचा द्राक्ष बागायतदार. त्याची मुलगी त्याच परीक्षेला आली होती आणि तो तिला सोडायला आला होता. रांगेतल्या आईबापांनी माझ्याकडे पाहिलं आणि आपापली पोरं मागे ओढली. मालकाच्या मुलीनं मास्क डोळ्यांपर्यंत वर घेतला. मी कोण, ते तिला चांगलं माहीत होतं. तेही मी विसरलेले नाही.

दहा जण एका खोलीत झोपत होतो हे खरं. खोली त्याचीच होती, पत्र्याची. माझ्या बापानं शेजारची खोली मागितली तेव्हा तिच्यात खताच्या गोण्या आहेत म्हणून त्यानं नाही सांगितलं होतं. गोण्यांना अंतर मिळालं. आम्हाला नाही.

आम्ही सुरगाण्याकडचे, डोंगरातले आदिवासी. आईबाप दरवर्षी छाटणीला निफाडच्या बागांत उतरायचे. मी आश्रमशाळेच्या होस्टेलवर राहून बारावी सायन्स केलं. लॉकडाऊन लागला, होस्टेल बंद झालं. फिजिक्सच्या सरांनी त्यांची सगळी पुस्तकं खताच्या रिकाम्या गोणीत भरून दिली आणि म्हणाले, परीक्षा होईल तेव्हा होईल, तू थांबू नको. ती गोणी घेऊन मी आईबापाकडे मळ्यावर आले. परीक्षा मे महिन्यात होती, ती जुलैवर गेली. जुलैची सप्टेंबरवर गेली. तारीख पुढे ढकलली की मालकाच्या बंगल्यातून रडण्याचा आवाज यायचा, कारण मुलीला त्याच त्या धड्यांचा कंटाळा आला होता. मी रडले नाही. मी दिवसभर वेलींच्या काड्या गोळा करायची आणि मधल्या सुट्टीत बांधावर बसून पुस्तक उघडायची. मालक येता-जाता हसायचा. “डॉक्टरीण बाई, काड्या उचला,” म्हणायचा. बायकाही हसायच्या. त्यांचा राग नाही मला. मालक हसला की हसावं लागतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी माझा बाप बंगल्याच्या ओट्याखाली उभा राहिला. एसट्यांचा भरवसा नव्हता, म्हणून गाडीत पोरीला एक जागा द्या म्हणाला. मालकानं सांगितलं, गाडीत नको, रोगराईचे दिवस आहेत, सकाळी टोमॅटोचा पिकअप जातोय, त्यात मागे बसव.

मी क्रेटांवर बसले. डोक्यावर ऊन, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत हॉल तिकीट. हायवेला त्यांची गाडी आम्हाला ओलांडून गेली. काचा बंद, एसी चालू. मागच्या सीटवर मुलगी आणि तिच्या शेजारी तिची बॅग. बॅगेला जागा होती. पिकअपनं मला मार्केटजवळ सोडलं. तिथून केंद्रापर्यंत मी भर उन्हात जवळजवळ तासभर चालले.

ती बंदूक कपाळाच्या कातडीची उष्णता मोजते. आज मी डॉक्टर आहे म्हणून हे सांगू शकते. तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं, की माझं अंग ठणठणीत आहे.

केंद्राच्या बाई बाहेर आल्या. वाईट नव्हत्या, घाबरलेल्या होत्या. घरी जा बाळ, पुढच्या वर्षी दे, म्हणाल्या. पुढच्या वर्षी मी कुठे असणार होते? लग्न लागलं असतं, नाहीतर हाती छाटणीची कात्री आली असती. हे त्या बाईंना माहीत नव्हतं. मालकाला माहीत होतं. तो जवळ आला. फार जवळ नाही, बरोबर अंतर राखून. आवाज खाली आणून म्हणाला,

“पिकअप मार्केटला उभा हाय. गप जाऊन बस. नाय गेलीस तर आज संध्याकाळी तुझ्या बापाचं बिऱ्हाड रोडवर टाकीन.”

खोटं कशाला सांगू. आईचा चेहरा समोर आला, दोन धाकटी भावंडं आली. एक क्षण मी मागे वळलेही होते. मग माझी नजर त्याच्या बुटांवर गेली. माझ्या वर्तुळात उभा होता तो. मला जिथून बाहेर काढलं होतं तिथंच, चुन्यावर पाय देऊन. आणि माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं.

मी हॉल तिकिटामागच्या सूचना उघडल्या. त्या मला पाठ होत्या, दुसरं करायलाच काय होतं उन्हाळाभर. ताप दिसला तर उमेदवाराला वेगळ्या खोलीत बसवावं, असं त्यात लिहिलं होतं. हाकलून द्यावं, असं कुठेच लिहिलं नव्हतं. मी तो कागद बाईंच्या समोर धरला. त्या ओळीवर बोट ठेवलं.

“मला ताप नाही. ऊन लागलंय. सावलीत बसवा आणि परत मोजा. मी इथून हलणार नाही.”

आणि खाली बसले. फाटकाच्या मधोमध, मांडी घालून. आत जाणाऱ्यांना मला वळसा घालून जावं लागत होतं. मालक शिव्या पुटपुटत राहिला. शेवटी बाईंनी मला झाडाखाली नेलं, पाणी दिलं. वीस मिनिटांनी बंदूक परत धरली. आकडा हिरवा. तरीही तक्रार आली म्हणून त्यांनी मला वेगळं बसवलं, मोडक्या बाकांच्या खोलीत, एकटीला. मी धूळ ओढणीनं पुसली आणि पेपर सोडवला. लोक म्हणतात शांत डोक्यानं सोडवावा. मी रागात सोडवला. एकेक गोल काळा करताना मला त्याचं तोंड दिसत होतं.

संध्याकाळी मळ्यावर पोचले तेव्हा आमचं बिऱ्हाड रस्त्याकडेला होतं. दोन बोचकी, हंडा, आणि पुस्तकांची गोणी. त्यानं शब्द पाळला होता. आई माझ्याकडे बघत नव्हती. बापानं एवढंच विचारलं,

“पेपर लिवला का?”

“लिवला.”

त्यानं गोणी उचलून डोक्यावर घेतली आणि आम्ही चालायला लागलो.

यादीत माझं नाव आलं. सरकारी कॉलेज मिळालं. त्या वर्षांबद्दल पुन्हा कधीतरी बोलेन. शिक्षण संपल्यावर एक वर्ष सरकारी सेवेचा बॉण्ड असतो. सुरगाण्याचं आरोग्य केंद्र रिकामं होतं. घर जवळ पडेल, तेच घे, असं सगळे म्हणाले. मी निफाड तालुक्यातलं, त्या मळ्यापासून चार किलोमीटरवरचं आरोग्य केंद्र मागून घेतलं. का, ते कोणाला सांगितलं नाही. फवारणीच्या दिवसांत काय होतं ते मी त्या पत्र्याच्या खोलीत राहून पाहिलं होतं. माणूस बागेत पडतो, त्याला उलट्या होतात, मालक त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेतो आणि कागदावर ताप लिहिला जातो. मी वाट पाहत बसले.

या छाटणीनंतर तो आला. दुपारची वेळ. त्याच्या गाडीत मागच्या सीटवर आमच्याच डोंगरातला एक तरुण, तोंडातून लाळ गळतेय, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. हातमोजे नाहीत, मास्क नाही, अंगाला फवाऱ्याचा वास. आधी त्या पोराला सलाईन लावलं, विषावरची इंजेक्शनं एकामागून एक दिली. बाहुल्या मोठ्या होईपर्यंत मी दुसऱ्या कशाकडेही पाहिलं नाही. नाशिकला न्यायला अँब्युलन्स मागवली. मग हात धुतले आणि केसपेपर ओढला.

मालक टेबलाशी वाकला. माझ्या तोंडावर मास्क होता, मला ओळखलं नव्हतं. “म्याडम, दोन दिवस तापच होता त्याला,” म्हणाला. “ताप लिहा. उगा पोलिसांची भानगड नको.”

मला पुन्हा म्याडम ऐकू आलं. तोच आवाज, फक्त या वेळी म्याडम मी होते.

मी मास्क काढला. फाटक, पिकअप, रस्त्यावरचं बिऱ्हाड, सगळं त्याला एका दमात सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना पाहिला. मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं. डॉक्टरनं असं म्हणू नये, पण वाटलं ते वाटलं. मग मी त्याच्यासमोर केसपेपरवर लिहिलं: कीटकनाशकाची विषबाधा, मळ्याचं नाव, मालकाचं नाव, संरक्षक साधनं दिलेली नव्हती. आणि ठाण्यात फोन लावला.

“पोलीस येतायत,” मी म्हटलं. “त्या बाकावर बसा. इथून हलायचं नाही.”

तो बसला.

त्यानंतर मालकाच्या ओळखीच्यांचे फोन सुरू झाले. कोणी दमात घेतलं, कोणी बेटा म्हणून समजावलं. माणूस वाचलाय ना, मग कागद बदलायला काय जातं, असं एकानं विचारलं. मी कागद बदलला नाही. तो पोर वाचला, आपल्या पायांनी घरी गेला. मी मालकाला माफ केलेलं नाही, करणारही नाही. खोटं मी एक अक्षर लिहिणार नाही. खऱ्यातलं एक अक्षर सोडणार नाही.

माझा बॉण्ड एका वर्षाचा आहे. तो संपला की मुंबईला पुढचं शिकायला जा, असं सगळे सांगतात. मी मुदतवाढीचा अर्ज दिलाय. केंद्र हेच हवं, असं त्यात लिहिलंय. छाटणी दरवर्षी येते.