हलू नये म्हणून

पनवेलच्या औद्योगिक वसाहतीत मी एका छोट्या कारखान्यात होतो. कारखाना मालकांचा, अक्कल माझी, असा माझा समज होता. नाजूक यंत्रांना प्रवासात धक्के बसू नयेत म्हणून आम्ही स्प्रिंगा बनवायचो. मी आखलेली स्प्रिंग शंकूच्या आकाराची होती. बारीक हादऱ्याला मऊ राहायची, मोठा दणका आला की आपोआप कडक व्हायची. हे मी इतक्या वेळा समजावलं होतं, की खारघरच्या आमच्या सोसायटीत लिफ्टमध्ये माझ्याबरोबर कुणी चढेनासं झालं.

पहिलंच काम आलं ते रक्त तपासायच्या यंत्राचं. चिरनेरच्या बाजूला एक लहान दवाखाना होता. तिथल्या लॅबच्या बाईंनी अर्ज करकरून ते मिळवलं होतं. तोवर गावातल्यांचं रक्त तपासायला पनवेललाच यायचं आणि रिपोर्टची वाट बघत माणसं दवाखान्याच्या बाकावर बसून राहायची.

टेम्पोत माझ्या चार स्प्रिंगांवर यंत्र बसवलं. मालकांनी नारळ फोडला, कौतुकानं यंत्रावर हात ठेवला, तर ते डुललं.

"अहो, हे तर हलतंय!"

हलावं म्हणूनच सगळा खटाटोप होता. पण मालकांपुढे आमची विद्वत्ता नेहमीच रजेवर असते.

"मंग आवळू का, सायेब?" टेम्पोवाल्या मामांनी मला विचारलं.

"आवळा," मी म्हणालो. दोराचं एक टोक त्यांनी ओढलं, दुसरं मी. स्प्रिंगा दबून पार चपट्या झाल्या. यंत्र आता जागचं हलेना. मालक खूश झाले.

रस्त्याबद्दल काय सांगावं? खड्ड्यांमधून अधूनमधून डांबर लागायचं. मी पुढे बसून मामांना स्प्रिंगेचं गणित समजावत होतो.

बाई हळदकुंकू घेऊन दारात उभ्या होत्या. यंत्र उतरवताना आत काचा खुळखुळल्या. तरी त्यांनी ते लावून बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग टेम्पोत पडलेल्या दोराकडे, चपट्या स्प्रिंगांकडे पाहिलं.

"एवढं घट्ट कुणी बांधलं हो?"

"ड्रायव्हरनं," मी म्हणालो. इतकं पटकन, की लाजसुद्धा मागाहून आली.

मामांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं.

"हां बाय, मीच बांधला. चुकला माझा."

बाई बाकावरच्या माणसांना परत पाठवायला आत गेल्या. परतताना मामांनी टेम्पो थांबवून मला चहा पाजला, आणि मी तो प्यायलो.