रांग कुठे मोडते

"सांग सगळ्यांना, पोरगी खोटं बोलली."

भाभींनी माझा दंड धरून मला वर्गात उभं केलं. अमेरिकेतल्या कॅरी गावच्या मशिदीचा रविवारचा वर्ग. दहाबारा मुलं, मागे त्यांचे आईबाप. मी सगळ्यांत अडाणी. पाचवीत शाळा सुटलेली.

भाभी सय्यद, वरच्या घराण्यातल्या, पुण्याच्या. आम्ही सोलापूरकडचे पिंजारी, कापूस पिंजणारे. माझा नवरा गेल्यावर त्यांनीच मला त्यांच्या मुलीला, झोयाला सांभाळायला इथं आणलं. उपकार आहेत. ते मी पाच वेळच्या नमाजेत मोजते.

वर्गाची बाई तरुण, इथंच जन्मलेली. ती पाठांतर घेत नाही. मागच्या रविवारी तिनं विचारलं होतं, "नमाजेला सगळे एका रांगेत का उभे राहतात? आठवडाभर घरात बघा. रांग कुठे मोडते ते लिहून आणा."

झोया दहा वर्षांची. मला खाला म्हणते, म्हणजे मावशी. तिनं लिहून आणलं आणि मोठ्यानं वाचलं. "आमच्या घरी खाला वॉशिंग मशीनवर ताट ठेवून जेवते. तिचं ताट आमच्या ताटांबरोबर धूत नाहीत."

भाभी हसल्या. "मुलं काहीही लिहितात! आमच्यात कुठे असली जातबीत? तिलाच तिथं बरं वाटतं. हो की नाही गं?"

माझी मान हलणारच होती. तीन वर्षं हलतच आली होती.

"आय डिडन्ट लाय, खाला," झोया म्हणाली. भाभींनी तिच्या हातातला कागद ओढून चुरगळला. "माफी माग सगळ्यांची."

माझा दंड अजून त्यांच्या हातात होता. पोरगी माझ्याकडे बघत राहिली. मी मान हलवली असती, तर ती पुन्हा कधी डोळे उघडून बघणार नव्हती. डोळ्यांना दिसलं ते खोटं, आई म्हणाली ते खरं, एवढंच शिकली असती.

मी बोलले.

"पोरगी खरं बोलली. मी मशीनवरच जेवते. ताट वेगळं आहे. मला तिथं बरं वाटत नाही."

मशिदीच्या कमिटीचे एक काका घड्याळ बघत म्हणाले, "घरातलं घरात मिटवा." बाईंनी तेवढा कागद उचलून सरळ केला.

गाडीत भाभी म्हणाल्या, "खाऊन माजलीस. शनिवारचं तिकीट काढते. आणि झोयाचा वर्ग आजपासून बंद." झोयाला मला हात लावायचीसुद्धा मनाई झाली. मागच्या सीटवर ती काचेला चिकटून बसली होती.

शनिवारी जाईन. भीती वाटते, गावात काम नाही. गावातल्या बाया विचारतील, भाभी कशा आहेत? फोनवर मी दरवेळी म्हणायचे, "लई चांगल्या. घरच्यासारखं ठेवतात."

आता तसं म्हणणार नाही. कुठे जेवायला बसवत होत्या ते सांगीन. भर गल्लीत, त्यांचं नाव घेऊन सांगीन.