बापूजीच्या पाटावर

लहानूला साखर निघाली, हे तळेगावात कळलं तेव्हा लोक आधी हसले. हसतील नाही तर काय! ज्या माणसानं उभ्या जन्मात पंगतीतून पहिल्यांदा उठायचं पाप केलं नाही, बुंदी वाढणाऱ्याचा हात धरून ज्यानं "थांब ना बे, पळून काऊन राह्यला?" असं दरडावलं, त्याला आता कोणी सांगणार की भाऊ, जरा बेतानं खा. कुणाच्या मुलीच्या लग्नात लहानूनं किती जिलब्या खाल्ल्या, याच्या गोष्टी पारावर अजून चालतात, आणि दर वर्षी त्यात दोन-चार जिलब्यांची भर पडते.

दवाखान्यातली डॉक्टरीण त्याच्या लेकीच्या वयाची होती. तिनं कागदावर एक ताट काढलं. अर्धं ताट भाजीचं, पाव ताट डाळ नाहीतर उसळ, आणि उरलेल्या पावात भाकर.

"अन् गोड?" लहानूनं विचारलं.

"गोड बंद, काका."

"गूळ त चालते ना?"

"गूळही नाही."

"संत्र्याचा रस? घरच्या बगीच्यातली संत्री आहेत, बाई. बाजारातली नाई."

"घरची असली तरी साखर ती साखरच. संत्रं खा एखादं, रस नको." मग तिनं गोळ्यांच्या पाकिटावर बोट ठेवलं. "आणि ही गोळी घेतली की उपाशी राहायचं नाही. लगेच जेवायचं. हे विसरू नका."

लहानूच्या बायकोनं, धुरपतानं, ते ताट डोक्यात पक्कं बसवलं. ती मुळात कडक बाई. साखरेचा डबा शेजारी नेऊन ठेवला, गव्हाच्या पोळ्या सणापुरत्या केल्या, आणि रोज ज्वारीची भाकर, कधी चवळीची भाजी, कधी मोडाचे मूग, असं सुरू झालं. जेवण झालं की लहानूला हायवेच्या फाट्यापर्यंत पिटाळायची. पहिले काही दिवस तो चिडला, भांडला, बिनसाखरेच्या चहाकडे पाहून "हे पाणी जनावराले पाज" म्हणाला. पण खोटं कशाला बोला, अंगाला बरं वाटायला लागलं. रात्री चारदा उठणं थांबलं. पुढच्या तपासणीत साखर उतरली होती आणि डॉक्टरीण हसली होती. शरीर सुधारत होतं. जीव मात्र झुरत होता. कुणाच्या घरी पुरण शिजलं की लहानू आपल्या ओट्यावर उगाच उभा राहायचा, आणि वास सरला की घरात जायचा.

आणि मग आली अक्षय तृतीया.

आता हे सांगायला पाहिजे. आमच्याकडे त्या दिवशी पित्तर जेवू घालतात. घरातलं जे माणूस गेलं असेल, त्याच्या नावानं गावातल्या कुणाला तरी पाटावर बसवायचं, पाय धुवायचे, कपाळाला गंध लावायचा, आणि गेलेल्याला जे आवडायचं ते त्याच्या ताटात वाढायचं. तो जेवला म्हणजे गेलेला जेवला. पाटावर आहे तोवर त्याला त्याच्या नावानं हाक मारायची नाही, कारण तो तो नसतोच. लहानू बसायचा बापूजीच्या पाटावर.

बापूजी त्याचा जिवाचा दोस्त. दोघांचे संत्र्याचे बगीचे बांधाला बांध, धुऱ्याला धुरा लागून. दुपारी एकाच झाडाखाली शिदोरी सोडायची, आणि बापूजीनं आपल्यातली अर्धी पुरणपोळी लहानूच्या भाकरीवर टाकायची, हे तीस वर्षं चाललं. साखर बापूजीलाही होती. त्यानं ऐकलं नाही कुणाचं. पायाला जखम झाली, ती चिघळली, आणि माणूस गेला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. बापूजीची मेल्यावरही गेली नव्हती. दर अक्षय तृतीयेला तो लहानूच्या तोंडानं आपल्या बायकोच्या, देवकाबाईच्या हातच्या तुपात बुडवलेल्या पोळ्या हाणायचा, वरून वाटीभर आमरस. लहानूला तर खरोखर वाटायचं की त्या तासाभरात बापूजी जवळ येऊन बसतो. वर्षभर तो त्या तासाची वाट पाहायचा.

"देवकाबाईले सांगून द्या ना," धुरपता म्हणाली. "दुसऱ्या कोणाले बसवन ती."

"दुसऱ्याले?" लहानू एकदम उखडला. "बापूजीच्या पाटावर दुसरा बसन? माह्या डोळ्यादेखत? अन् मी त्या दिवशी कुठी जाऊ?"

"मंग भाकर खाऊन या तिथं."

"पित्तर उपाशी जाते त्यानं! एक दिवस खाल्लं त काय मरते का माणूस?"

"बापूजीभाऊ असंच म्हणत," धुरपता म्हणाली आणि भांडी घासायला निघून गेली.

लहानूला ते लागलं. पण सुंभ जळाला तरी पीळ जातो का! त्यानं आपली एक युक्ती काढली. आदल्या रात्रीपासून पोटात काही घालायचं नाही, सकाळी गोळी मात्र घ्यायची. म्हणजे आत आधी खड्डा होईल, मग वरून गोड पडलं तरी खड्डाच भरेल, साखर वर यायची नाही. अशी अक्कल देवानं फक्त आमच्या लहानूलाच दिली. धुरपताला वाटलं तो उपास करतोय. तो गोळी गिळून, टोपी घालून, उन्हातून देवकाबाईच्या घरी निघाला.

देवकाबाई एकटीच होती. पोरगा नागपूरला नोकरीत, त्याला सुट्टी नव्हती; मग पाय धुण्यापासून सगळं तीच करत होती. तिनं गंध लावलं, चुलीतल्या निखाऱ्यावर घास टाकला, आणि ताट पुढं सरकवलं. पुरणपोळी, तिच्यावर तुपाची धार, आमरस, शेवया, कुरडया, वडे, कढी, रीत म्हणून कारल्याची भाजी, आणि वाटीत चिंच-गुळाची चिंचवणी. लहानूचे डोळे भरून आले. कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नसतं, पोळीसाठी की बापूजीसाठी.

त्यानं घास मोडायला हात घातला, तर हात थरथरला. पोळी तुटेना. मानेवरून घामाचे ओघळ सुटले, डोळ्यांपुढं ताट हलायला लागलं. तो एका बाजूला कलला.

"लहानूभाऊ!" देवकाबाई किंचाळली. पाटावर नाव घ्यायचं नसतं हे ती पार विसरली. हा घाम, ही थरथर तिनं ह्याच घरात पाहिली होती. तिनं त्याचं डोकं धरलं आणि चिंचवणीची वाटी त्याच्या तोंडाला लावली. "गिळा! गुळाचं आहे, गिळा म्हणते ना!" त्यानं गिळली. तिनं अजून एक वाटी पाजली. ज्या गुळासाठी माणूस इतके दिवस झुरला, तो घशाखाली गेला आणि त्याला चवसुद्धा कळली नाही.

थोड्या वेळानं तो सावरून बसला.

"पारावर बोलत, मले थट्टा वाटली. कवापासून आहे?" तिनं विचारलं.

"दिवाळीपासून. सकाळी गोळी घेतली, रातपासून खाल्लं काई नाई."

"अन् गोळी घेऊन उपाशी आले? अरे बाप्पा! बह्याड झाले का तुमी?"

देवकाबाईनं ताट उचललं.

"वहिनी, ताट नोका नेऊ," तो गयावया करत म्हणाला. "बापूजी उपाशी जाईन. सालभर वाट पाह्यली मी त्याची."

ती आत गेली. लहानू पाटावर एकटा. उठावं तर पाय उचलेना, बसावं तर कुणाच्या नावानं बसावं? त्याला बापूजी आठवला. तो झाडाखाली मांडी घालून बसलेला बापूजी, बोटं चाटणारा, "खा बे, मेल्यावर कोण देते?" म्हणणारा. मी देत होतो ना, लहानूला वाटलं. मेल्यावर मीच तर देत होतो. आता तेही सरलं.

आतून भाकर थापल्याचा आवाज आला.

देवकाबाई ताट घेऊन आली. ज्वारीची गरम भाकर, मुगाची डाळ, काकडी, आणि अर्ध्या ताटात कारल्याची भाजी. तिनं ताट ठेवलं आणि लहानूसमोर हात जोडले. मग ती जे बोलली, ते लहानूशी नव्हतं.

"ऐका," ती म्हणाली. "जितेपनी मी लय सांगतलं, तुमी ऐकलं नाई. आता पाटावर बसले आहा, आता उठून जाता येत नाई. हेच खा. तवा हे खाल्लं असतं, त आज दुसऱ्याले बसवा लागलं नसतं मले. तुमीच बसले असते. अजूनबी दोन भाकरी टाकते मी. एक उरते रोज."

लहानूनं भाकर मोडली, कारल्याशी लावली आणि खाल्ली. कडू होतं. बापूजीनं जन्मात कारलं खाल्लं नव्हतं. शिदोरीत निघालं तर धुऱ्यावर भिरकावून द्यायचा. लहानूनं दुसरा घास खाल्ला, तिसरा खाल्ला. इतकी वर्षं तो ह्या पाटावर नुसता जेवून उठला होता, एक शब्द बोलला नव्हता. आणि ह्या घरात तिला नावानं हाक मारणारा एकच माणूस होता, तो गेल्यापासून ती सगळ्यांची वहिनी, काकू, नाहीतर आई.

"देवके," तो म्हणाला, "कारलं वाढ अजून."

देवकाबाईचा हात तसाच राहिला. मग तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, आणि वाढलं.

"जेवा सावकाश," ती म्हणाली. "मले काई घाई नाई."