चालूकाकांची लाइन

घरात फोन एकच होता, बाबांचा, आणि त्याला घरात रेंज नव्हती. रेंज हवी असेल तर पाड्यामागच्या टेकडीवर जायचं, पाण्याच्या टाकीला टेकायचं आणि फोन उंच धरायचा. करोनाची टाळेबंदी लागली तेव्हा बाबांचं वाशिंदच्या कारखान्यातलं हेल्परचं काम सुटलं आणि माझं शहापूरचं कॉलेज फोनमध्ये शिरलं. घरात तांदूळ होता, पण वरण दिवसेंदिवस पातळ होत चाललं होतं. मी टाकीपाशी छत्री उघडून बसायचे. सरांचा एक शब्द यायचा, तीन जायचे. मामा अधूनमधून माझ्यासाठी स्थळ घेऊन यायचे. शेवटी बाबांनी सांगून टाकलं, "बी.कॉम. होईस्तोवर थांबू. पास झाली तर पुढं तिची ती बघंल. नापास झाली तर लगीन. मंग माझं पण काय चालायचं नाय." आमच्या घरात तोवर कुणी बारावीच्या पलीकडे गेलेलं नव्हतं. बाबांनी एवढं थांबायचं कबूल केलं, हेच भावकीला जास्त वाटत होतं.

पाऊस ओसरल्यावर एक माणूस जुनी स्कूटर घेऊन पाड्यावर आला. मागं घडीची शिडी बांधलेली, पायाशी गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी. आमच्या दारात उभा राहिला आणि नमस्कार न करता म्हणाला, "चालू हाय ना?"

आईनं वळून चुलीकडे बघितलं. तिला वाटलं, चुलीबद्दलच विचारतोय.

हे चालूकाका. मुरबाडच्या बाजारात पिठाच्या गिरणीवर त्यांची एक खोली होती. तिथून ते आसपासच्या गावांना इंटरनेट पुरवायचे. आधी त्यांचा केबल टीव्हीचा धंदा होता. घरोघरी डिशच्या छत्र्या लागल्या तसा तो बसला आणि काकांनी त्याच खांबांवरून नेटची वायर ओढली. ती आता मुरबाडच्या हद्दीतून शहापूर तालुक्यातल्या आमच्या पाड्यांपर्यंत आली होती. फोन उचलला की "हॅलो"च्या जागी "चालू हाय ना?", रस्त्यात भेटले तरी तेच, आणि एकदा म्हणे मयताला गेले तिथंही तोंडातून तेच निघालं. त्यावरून हे नाव पडलं. नवीन माणूस "चालू" ऐकून दचकायचा. बाबांनी एकदा एसटीत एका अनोळखी माणसाला अर्धा रस्ता समजावलं होतं, "तसला चालू नाय वो. लय सरळ माणूस."

पाड्यातल्या सगळ्या घरांच्या वायरी जिथं एकत्र येतात, ती बॅटरीवाली पेटी कुणाच्या तरी घरात ठेवावी लागायची. पाड्यात एक मोठं स्लॅबचं घर होतं. त्याचा मालक पेटी मागायला स्वतः पुढं आला. काकांनी घर बघितलं, चहा घेतला आणि नाही म्हणाले. "तुमी सगळी सकाळी कुलूप लावून जाता. लाइट गेली, बॅटरी चढली नाय, तर बघायचं कोणी?" मग आमच्या कौलारू घरात आले. घरात नेहमी कोण असतं ते विचारलं. जमिनीवर कौलातून ऊन कुठंकुठं पडतंय ते बघितलं, कारण तिथंच पावसात गळणार. आणि बाबांना म्हणाले, "दामू, पेटी द्यायची म्हणजे लेक द्यायची. घर बघून देतो मी." पेटी सांभाळण्याच्या बदल्यात आमचं कनेक्शन फुकट. छत्री, टाकी आणि टेकडी एका दिवसात संपली.

तेव्हापासून काका आले की म्हणायचे, "लेकीला बघाया आलो." पेटीवर हात ठेवायचे, कपाळ बघावं तसा. "अंग गरम लागतंय गो हिचं." मग खिडकी उघडायला लावायचे. आईनं कौतुकानं पेटीला भरतकाम केलेलं कापड घातलं, तर ते काढून, घडी करून तिच्या हातात दिलं. "वयनी, छान हाय. पर तिला गुदमरतं."

गिऱ्हाइकांच्या बाबतीत त्यांचा एक नेम होता. कुणाला त्याच्या घरात "तुमचं चुकलं" म्हणायचं नाही. एक बाई रोज सकाळी तक्रार करायची की नेट जातं. काका जाऊन बसले, तर बाईंनी नेटच्या डबीचा प्लग काढून तिथं मिक्सर लावलेला. काका गप्प बसून राहिले. चटणी वाटून झाल्यावर म्हणाले, "वाटण झालं ना मावशी? मंग आता हिला पण जेवू घाला." आणि पुढच्या खेपेला स्वतः जास्तीच्या प्लगची एक जोडपट्टी घेऊन गेले. भातसानगरच्या कॉलनीतून एक साहेब फोनवर आवाज चढवायचे. काका फोन कानापासून लांब धरून सगळं ऐकून घ्यायचे आणि शेवटी विचारायचे, "साहेब, दिवा कंचा हाय? लाल का हिरवा?" लाल म्हणजे वायर कुठंतरी तुटलीय. हिरवा म्हणजे साहेबांचं दुसरंच काहीतरी तुटलंय, असं आम्हाला सांगायचे.

वायर तुटायला काय, रोज एक कारण. माकडं लोंबकळतात, रस्त्याचं काम निघतं, कुणी फांदी छाटतं. पण काका खरे घाबरायचे ते राबाला. आमच्याकडे भाताची रोपं करायची जागा पावसाआधी भाजतात. पालापाचोळा, वाळल्या फांद्या, शेण पसरायचं आणि पेटवून द्यायचं, त्याला राब म्हणतात. काकांची वायर बांधावरच्या झाडांवरून, बांबूंवरून गेलेली. खाली राब पेटला की वर वायर मेणासारखी वितळायची. याबद्दल ते कुणाशी कधी भांडले नाहीत. "शेत त्यांचं, झाड त्यांचं. आपली वायर तिथं पावणी हाय. पावण्यानं तोंड वर करून बोलू नये." उन्हाळा लागला की ते स्कूटरवरून शेताशेताला जायचे आणि कुणाचा राब कधी, ते विचारून ठेवायचे. त्या दिवशी वायर सोडवून बाजूला घ्यायची, राब विझला की परत चढवायची. एवढंच करत त्यांचा वैशाख जायचा.

माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा नेमकी त्याच दिवसांत आली. फोनवरच द्यायची, कॅमेरा चालू ठेवून. काकांना मी सांगितलं तेव्हा त्यांनी पेटीवर हात ठेवला. मग म्हणाले, "तू अभ्यास कर बाय. वायर माझ्याकडं." आणि लाइनीवरच्या प्रत्येक शेतकऱ्याच्या दारात गेले. लग्नाच्या अक्षता द्यायला जातात तसे, एकही घर न वगळता. "सोमवारपासून दामूच्या पोरीचं हाय. आठवडाभर जरा सांभाळून घ्या." सगळ्यांनी माना डोलावल्या. ओढ्याकाठच्या भागीआजीनंही डोलावली. तिला ऐकायला कमी येतं, हे काकांच्या लक्षात राहिलं नाही.

आमच्याकडून फोन लागायचा नाही, म्हणून पेपरच्या दिवसांत काका सकाळपासून आमच्या ओट्यावरच येऊन बसायचे. गोधडीतलं ते, तुटलेली वायर जोडायचं मशीन मांडीवर. बाबा शेजारी. पहिले पेपर नीट पार पडले. शेवटचा हिशोबाचा होता, मला अवघड जाणारा. अर्धा होत आला असेल, आणि पडद्यावर नुसतं चक्र फिरायला लागलं. पेटीकडे बघितलं तर दिवा लाल.

"काका!"

काका उठलेच होते. पण जायचं कुठं? मुरबाडपर्यंत वायर जंगलातून, ओढ्यावरून, किती शेतांवरून गेलेली. कुठून शोधायला लागणार? पडद्यावर वेळ मात्र चालूच होता. काकांचा चेहरा मी पहिल्यांदा उतरलेला बघितला.

तेवढ्यात अंगणात भागीआजी आली. नवं लुगडं, तोंडाला पदर, हातात खण आणि नारळ.

"नवरी कुठं हाय?"

आई म्हणाली, "कुठली नवरी, आजी?"

"आता कुठली म्हंजे! या चालूनंच नाय का सांगितलं, दामूच्या पोरीचं हाय म्हून? आठवडाभराचं म्हनला, तर लगीन शेवटालाच असंल म्हटलं. आता लगनाला माणसं मोजून बोलवायची म्हंतात, त्यात मला बोलावलं. बरं वाटलं बाय. म्हून तर लेकाला म्हटलं, राब सकाळीच पेटव, मला लगनाला जायचंय."

काकांनी तिच्याकडे वळून विचारलं, "कंचा राब, आजी?"

"ओढ्याकडचा. लय छान पेटला बघ."

काका हसले की रडले ते मला कळलं नाही. पण त्यांना जागा सापडली होती. त्यांनी मशीन बाबांच्या हातात दिलं, "दामू, लेकरू धरल्यावानी धर," म्हणाले, आणि दोघं स्कूटरवर बसून धूळ उडवत गेले.

मी लाल दिव्याकडे बघत बसले. आजी माझ्याजवळ टेकली. आईनं तिच्या कानाशी जाऊन सगळं सांगितलं.

"परीक्षा? आन लगीन?"

"पास झाले तर नाय, आजी," मी म्हणाले.

"आन नापास झालीस तर?"

"मग हाय."

आजीनं माझ्याकडे बघितलं, पेटीकडे बघितलं. हातातला नारळ तिनं पेटीपुढं जमिनीवर ठेवला. "मंग पास हो गो बाय. माझ्या राबापायी तुझं लगीन नको लागाया." आणि पदर सावरून, हात जोडून बसली. मला रडू येत होतं आणि हसूही.

मग दिवा हिरवा झाला. मी परत पेपरात शिरले. थोडा वेळ उरला होता. जेवढं येत होतं तेवढं सगळं सोडवलं, शेवटचे दोन प्रश्न राहिले ते राहिले. काका परतले तेव्हा भुवयांपर्यंत राख. पाय गरम राखेत भाजले होते, ते आईनं पाण्यात बुडवायला लावले. आजी त्यांना ओरडत होती, "नीट बोलावं की रं माणसानं! 'पोरीचं हाय' म्हंजे काय हाय?" आणि काका खाली मान घालून ऐकत होते, "चुकलं आजी, चुकलं." गिऱ्हाइकांना कधी न म्हटलेला शब्द ते स्वतःसाठी दोनदा म्हणाले. मग त्यांनी तो नारळ फोडला आणि आम्ही सगळ्यांनी खाल्ला.

निकालाच्या दिवशी काका मुद्दाम आले होते. "माझ्या लाइनीवर उघडायचा," म्हणाले. निकाल उघडल्यावर आधी त्यांनीच वाचला, कारण माझे डोळे भरून आले होते. मग रुमाल काढून नाक पुसलं आणि उगाचच शिडी सोडून परत बांधत बसले.

गेल्या भाद्रपदात काका गेले. मुरबाडला, खोलीतच, खुर्चीवर बसल्याबसल्या. दिवसकार्याला मी गेले तर ओळखीचे चेहरे कमी आणि शेतकरी जास्त. ज्यांच्या बांधांवरून त्यांची वायर गेलेली, ते सगळे आलेले. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या घरी नेट नव्हतंच. भागीआजीचा मुलगा तिला गाडीवर घेऊन आला होता. ती बराच वेळ माझा हात धरून बसली. काकांची लाइन आता एका मोठ्या कंपनीनं घेतलीय. चालते बरी. पण राबाच्या दिवसांत दारात विचारायला कुणी येत नाही, म्हणून शेतकरीच आपापसांत ठरवून वायर सोडवून ठेवतात. त्यांना ते कुणी सांगितलेलं नाही.

काकांच्या लाइनीवर परीक्षा देऊन मी पहिल्या वर्गात बी.कॉम. झाले. आमच्या घरातली ही पहिली पदवी. दुसरी माझ्या धाकट्या भावानं मिळवली. शहापूरच्या एका पतपेढीत मी नोकरीला लागले, आणि लग्न मी नंतर केलं, माझ्या मर्जीनं.