बहिणीचा जबडा

माझी धाकटी बहीण चार वर्षांची असताना चिकूच्या झाडावरून हनुवटीवर पडली. तीन टाके पडले, ते सुकले आणि सगळे निश्चिंत झाले. कानाजवळ जबड्याचा सांधा आतून चेचला होता, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मग तिचं तोंड दरवर्षी थोडं थोडं कमी उघडू लागलं. नवव्या वर्षी दातांच्या फटीतून नखही जाईना. हनुवटी आत गेली, चेहरा एका बाजूला ओढला गेला. बाजूचा एक दात पडला होता, त्या भोकातून आई तिला पेज आणि आंबील भरवायची. कैनाडच्या आमच्या पाड्यातल्या बायका म्हणायच्या, पोरीला बाहेरचं काहीतरी लागलंय. मी त्यांच्याशी कडाकडा भांडायचे. नुकतीच बारावी पास झाले होते, त्यामुळे अक्कल फक्त मलाच आहे अशी माझी खात्री होती.

२०१६ साली डहाणूत तपासणी शिबिर लागलं आणि तिथून आम्हाला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. सांध्याची हाडं जुळून एक झाली आहेत, ती कापून मोकळी करू, असं डॉक्टर म्हणाले. पुढच्या जानेवारीत ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी बहिणीने मला जीभ काढून वेडावलं. तिची जीभ मी कित्येक वर्षांनी पाहत होते. मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं.

घरी सोडताना डॉक्टरांनी मला समोर बसवलं. आई दिवसभर चिकूच्या वाडीत कामाला, तेव्हा व्यायाम मीच करून घेणार होते. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दाढांमध्ये सरकवायच्या, तोंड ताणायचं, हळूहळू काड्या वाढवायच्या. रोज चार वेळा, वर्षभर. "ती रडेल, तुझे हात चावेल. तरी थांबायचं नाही," ते म्हणाले. "थांबलीस तर जबडा परत बंद होईल." मी शहाण्यासारखी मान हलवली.

दोन महिने मी खरंच थांबले नाही. ती काड्या बघूनच थरथरायची, हिरड्यांतून रक्त यायचं. मी तिचं डोकं मांडीत दाबून धरायचे आणि वर तिलाच ओरडायचे. शेजारची काकी एकदा दारात येऊन म्हणाली, "अगं, कशाला छळतेस पोरीला? उघडलंय ना आता तोंड?" मी तिला हाकलून लावलं, पण तिचं बोलणं डोक्यातून जाईना. मलाही त्या छळाचा वीट आला होता.

चैत्रात चारोटीजवळ महालक्ष्मीची जत्रा भरली. बहीण म्हणाली, "ताई, जत्रेत तरी काड्या नको ना." मी म्हटलं, बरं, दोन दिवस सुट्टी. जत्रेत तिने गरम भजी अख्खी तोंडात टाकली, पोळलं म्हणून नाचली आणि परत दुसरी उचलली. तिला तसं खाताना बघून मला वाटलं, झालं हिचं, बरी झाली.

दोन दिवसांचे आठ झाले. मग कधी एकदा, कधी नाहीच. संध्याकाळी आई विचारायची, "आज किती काड्या?" मी सांगायचे, "अठ्ठावीस." बहीण माझ्याकडे बघून गालात हसायची. आम्हा दोघींचं ते गुपित होतं. मला त्यात गंमतही वाटायची, हे आज लिहिताना लाज वाटते.

श्रावण आला तेव्हा तिला भाकरीचा तुकडा तोंडात जाईना. मी घाबरून काड्या काढल्या, पण सहाच्या वर एकही सरकेना. आई आम्हाला घेऊन मुंबईला गेली.

डॉक्टरांनी फोटो काढून पाहिला. सांधा परत जुळत चालला होता. "व्यायाम?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "साहेब, हिने एक दिवस चुकवला नाही. स्वतःचं कॉलेज सोडून केलं." डॉक्टर बहिणीकडे वळले. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग दातांमधून म्हणाली, "हो. ताई रोज करायची."

डॉक्टरांनी फोटो परत उजेडावर धरला. मग म्हणाले, "व्यायामात कसूर झाली असती तर मी लगेच परत ऑपरेशन केलं असतं. पण एवढं नीट करूनही हाड भरतंय, म्हणजे तिची वाढच तशी आहे. आता कापलं तरी परत तेच होणार. मोठी होऊ दे. अठरा पूर्ण झाली की आणा." आईने हात जोडले. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, तू तरी काय करणार गं.

आईचा हात पाठीवर होता, तोवर मला बोलवेना, आणि तिने तो काढला तेव्हा डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळले होते.

तिचं तोंड पुढच्या दोन-तीन महिन्यांत पूर्ण बंद झालं. यंदा, २०१९ मध्ये, ती बारा वर्षांची झाली. शाळेत डबा नेत नाही, मुली बघतात म्हणून. घरी भिंतीकडे तोंड करून पेज ओढते. अजून सहा वर्षं. मी तेव्हा खरं बोलले असते, तर डॉक्टरांनी मला चारचौघांत फाडून खाल्लं असतं आणि तिला परत टेबलावर घेतलं असतं. मला तेवढी बोलणी खायची नव्हती.