नेवाशाच्या शर्यतीत माझ्यापुढं कुणीच नव्हतं

मी पळायला लागले ती चाळिशी उलटल्यावर, आणि तेही कंपनीमुळे. नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी काम करते. एका वर्षी सुरक्षा सप्ताहात साहेबांनी सगळ्यांना पाच किलोमीटर पळायला लावलं. निम्म्याहून जास्त अंतर मी चालतच गेले. पण गेटाजवळच्या वळणावर कॅन्टीनच्या बायका ताटं वाजवत उभ्या होत्या. त्यांच्यासमोरून चालत जायची लाज वाटली, म्हणून पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली आणि सुटले. गळ्यात मेडल पडलं. शाळेत मला लिंबू-चमच्यातसुद्धा कधी बक्षीस मिळालं नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळच्या भाकरी मी ते मेडल घालूनच थापल्या.

तेव्हापासून वेडच लागलं. कुठं शर्यत असल्याचं मोबाईलवर दिसलं की मी नाव नोंदवायची. नगर शहरात, राहात्याला, कुठल्या कॉलेजच्या मैदानापासून, कुठल्या पतसंस्थेच्या वर्धापनदिनाला. रविवारी पहाटे नवरा मला मोटारसायकलवर घेऊन जायचा. त्याला पळण्याचं काडीचं वेड नाही. मला शर्यत सुटायच्या जागी सोडलं की तो गरम मिसळ कुठं मिळते ते शोधायला जायचा.

सासूबाईंना मात्र रविवार खटकायचा. आम्ही ख्रिस्ती, आणि त्यांनी आयुष्यात सकाळची उपासना क्वचितच चुकवलेली. एकदा मी बुटाची नाडी बांधत होते तर म्हणाल्या, ‘‘लोक देवाच्या वारी मंडळीत जात्यात, आन् तू डांबरावर चालली व्हय?’’ मग मी संध्याकाळच्या उपासनेला जायला लागले. चर्चचे पाळकसाहेबच त्यांना हसत म्हणाले, ‘‘आजी, देव संध्याकाळीही घरीच असतो.’’ त्यानंतर सासूबाईंनी रविवारचं नाव काढलं नाही. उलट माझ्या मेडलांसाठी भिंतीत खिळा त्यांनीच ठोकून घेतला.

आता नेवाशाचं सांगते.

थंडीचे दिवस होते. ऊसतोड जोरात चालू होती. बायकांची दहा किलोमीटरची शर्यत गावातून निघून नदीचा पूल ओलांडून, मळ्यामळ्यांतून फिरून परत मैदानावर यायची होती. पुरुषांना वेगळ्या रस्त्यानं सोडलं होतं. सुरुवातीला डीजे लावून एक पोरगी आमच्याकडून उड्या मारून घेत होती. मी काकडले होते, तरी नाचले. माझ्या शेजारी निळ्या बनियनमधली एक पोरगी शांतपणे पोटऱ्या ताणत होती. विशीतली असेल, अंगावर मूठभर मांस नाही. मी विचारलं, ‘‘कुठली गं तू?’’

‘‘राहात्याची, काकू. भरतीची तयारी करते.’’

‘‘मग आज पहिली तूच!’’

ती हसून दुसरी पोटरी ताणायला लागली.

शिट्टी झाली आणि ती पोरगी बाणासारखी गेली. तिच्यामागं दहा-बारा जणी. सगळ्यांच्या पुढं वाट दाखवायला एक मोटारसायकल होती. मी नेहमीसारखी मधेच. पुढच्या दिसेनाशा झाल्या आणि मागच्या गप्पा मारत बऱ्याच मागं राहिल्या. पुलावर आले तेव्हा मी अगदी एकटी होते. खाली प्रवरेवर धुकं होतं, आणि नाकातून पाणी येत होतं तरी मला फार मजा वाटत होती. श्वास लयीत बसला होता. पाय आपोआप पडत होते.

पूल ओलांडून बरंच पुढं एक फाटा लागला. तिथं रस्त्याच्या कडेला उसाचा डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर उभा होता. त्याची चाकं डांबरावरून खाली घसरली होती, आणि तीन-चार माणसं आत्ताच तो वर, पुढं काढून हात झटकत होती. त्यांतल्याच गळ्यात टॉवेल टाकलेल्या एका शेतकऱ्याच्या छातीवर स्वयंसेवकाचा बिल्ला होता. मला बघून तो पळत आला. ‘‘डावीकडं, ताई, डावीकडं!’’ रस्त्यावर फक्कीनं बाण काढला होता, तो ट्रॉलीच्या चाकानं अर्धा पुसला होता.

मी पळता पळता विचारलं, ‘‘पुढच्या लई लांब गेल्या का?’’

‘‘पुढच्या कोन्त्या? अजून कुनीच आलं न्हाई. तुमीच पयल्या!’’

मला वाटलं, हा चेष्टा करतोय. पण डावीकडच्या रस्त्यावर खरंच कुणी नव्हतं. सरळसोट रस्ता, दोन्हीकडं ऊस, आणि लांबवर एक कुत्रं. थोड्या अंतरानं पाण्याचं टेबल आलं. तिथल्या बायकांनी मला बघितलं आणि एकच गलका केला. ‘‘आली! पहिली आली!’’ एकीनं ग्लास पुढं केला. घाईत निम्मं पाणी माझ्या बाहीवर सांडलं.

‘‘अहो, मी पहिली नाही,’’ मी म्हटलं.

‘‘मग तुमच्याआधी कोण गेलं? आम्ही कवापासून हितंच बसलोय.’’

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ट्रॅक्टर बाणावर उभा होता, बिल्लेवाला ट्रॉलीच्या आड त्याला ढकलायला गेला होता, आणि मोटारसायकलवाला बाण न दिसल्यामुळं सरळ गेला होता. त्याच्यामागं राहात्याची पोरगी आणि बाकीच्या सगळ्या. मी हळू होते म्हणूनच मला बाण दिसला!

मी काय करायला हवं होतं कोण जाणे. मी पळाले. आयुष्यात कधी पळाले नव्हते अशी पळाले. छातीत ढोल वाजत होता आणि तोंडावर हसू मावत नव्हतं. एका वस्तीवर अंगणात दात घासत बसलेल्या म्हातारबाबांनी ब्रश वर करून मला सलाम केला. शाळेसमोर काही पोरी उभ्या होत्या, त्या ‘‘पयला नंबर, पयला नंबर’’ ओरडत माझ्याबरोबर पळाल्या आणि दमून थांबल्या. मी त्यांना हात केला, एखाद्या मोठ्या खेळाडूसारखा. आरशात बघितलं असतं तर मलाच माझी ओळख पटली नसती.

गाव जवळ आलं. डीजेचा आवाज ऐकू यायला लागला. आणि त्याच वेळी मागून पावलं ऐकू आली. हलकी, भराभर. वळून बघायचा धीर होईना. मी दात आवळून जोर लावला. बरगडीखाली कळ उठली, तरी लावला. मैदानाचं फाटक दिसत होतं, फुगे दिसत होते, आणि निळं बनियन माझ्या शेजारी आलं.

‘‘काकू, चला, चला, सोडू नका!’’ एवढंच म्हणाली आणि निघून गेली.

ती चुकीच्या रस्त्यानं, नंतर कळलं की पार कॅनॉलपर्यंत, जाऊन, परत फिरून, मला गाठून पुढं गेली होती! मला राग यायला हवा होता, पण मी पळता पळताच ‘‘शाब्बास!’’ ओरडले. ती फीत तोडून गेली, आणि तिच्या मागोमाग मी आत शिरले आणि गवतावर आडवीच झाले. माईकवरचा माणूस माझ्या छातीवरचा नंबर वाचून ओरडत होता, ‘‘दुसरा क्रमांक! दुसरा क्रमांक!’’

तेवढ्यात रस्ता चुकलेल्या बाकीच्या बायका आल्या. त्या चिडलेल्या होत्या आणि त्यांचं बरोबरच होतं. मोटारसायकलवाला मान खाली घालून उभा. संयोजकांनी हात जोडून माफी मागितली. एक जण माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली, ‘‘आम्ही जास्त पळालो, मग ह्यांना नंबर कसा?’’

मी उठून बसले. बक्षीस नको म्हणायला तोंड उघडलं, तर राहात्याची पोरगीच मधे पडली.

‘‘बाण रस्त्यावर हुता, ताई. थोडा पुसल्याला, पन हुता. परत येताना मी पाह्यला. आपन गाडीमागं गेलो, त्या बाणामागं गेल्या. आन् शेवटी मला त्यांना गाठताना नाकी नऊ आले!’’

चिडलेली बाई एकदम हसायला लागली. ‘‘बरं बाई, घ्या,’’ असं म्हणून तिनंच मला हात देऊन उभं केलं. संयोजकांनी रस्ता चुकलेल्या सगळ्यांना वेगळा सत्कार जाहीर केला आणि वातावरण निवळलं.

नवरा या सगळ्यात कुठंच नव्हता. मी अजून निम्म्या वाटेवर असेन या हिशोबानं तो चौकात मिसळ खात होता. माईकवर माझा नंबर ऐकून त्याला वाटलं, ऐकण्यात काहीतरी चूक झाली. तर्रीची बोटं टी-शर्टला पुसत तो मैदानात आला तेव्हा मी तीन पायऱ्यांच्या स्टँडवर उभी होते, हातात करंडक घेऊन. मग त्यानं फोटो काढले, आणि सगळ्या फोटोंत त्याचं बोट आलं.

राहात्याच्या पोरीला मी आमच्याबरोबर चहाला नेलं. तिनं दोन प्लेटी पोहे खाल्ले. तिचे वडील ऊसतोडीच्या टोळीला टेम्पोनं नेण्याआणण्याचं काम करतात, असं म्हणाली. ‘‘पप्पाला सांगते, तुमच्याच ट्रॅक्टरवाल्यांनी माझा रस्ता चुकवला,’’ म्हणून ती खदाखदा हसली. मी तिला मिठी मारली. दोघी घामानं चिकट झालो होतो.

परत निघालो. मागच्या सीटवर बसून करंडक मांडीवर धरला आणि मी बोलायला लागले. फाटा, ट्रॅक्टर, पाण्याचं टेबल, म्हातारबाबांचा ब्रश. घोडेगाव येईपर्यंत तोंड बंद नव्हतं. तिथं नवऱ्यानं गाडी बाजूला घेतली, हेल्मेट काढलं आणि म्हणाला, ‘‘वाऱ्यामुळं अर्धं ऐकूच आलं नाही. आता पहिल्यापासून सांग.’’

मी पहिल्यापासून सांगितलं.